तात्यांचं बक्कल आणि मोडीतली वही

आमच्या घरी खंडेनवमीला पाटावर दोन गोष्टी हमखास असायच्या. एक तात्यांचं पितळी बक्कल, पट्ट्यासकट. दुसरी, लाल फडक्यात बांधलेली त्यांची वही. शेजारी वडिलांचा पाना-पक्कड, आईची कात्री, आम्हा भावंडांची पुस्तकं. हळद-कुंकू, झेंडूचं फूल, समई. वहीला आत्या 'तात्यांची पोथी' म्हणायची. ती मोडीत होती आणि मोडी घरात कुणालाच येत नव्हती. अभंग उतरवून घेतले असतील, असं आत्या म्हणायची. हिशोब असेल, असं वडील म्हणायचे. फडकं सोडून बघावं असं कुणाला वाटलं नाही.

तात्या म्हणजे माझे आजोबा. १९४१ साली सोलापूर जिल्हा पोलिसात शिपाई म्हणून लागले आणि १९७८ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले. आत्या आणि वडील पोलीस लाईनीतल्या दोन खोल्यांत वाढले. नोकरीबद्दल तात्या फारसं बोलायचे नाहीत. दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा सांगायचे. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपूरला तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, तेव्हा तात्या तिथे बंदोबस्ताला होते. विठ्ठलाचं देऊळ सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून ते उपोषण दहा दिवस चाललं. दुसरी गोष्ट १९४८ ची. १३ सप्टेंबरला निजामाच्या हैदराबाद संस्थानावर चालून जायला सोलापूरकडून फौज नळदुर्गच्या दिशेनं निघाली, तेव्हा तात्या त्याच रस्त्यावर नाक्याला उभे होते. लोक त्या कारवाईला अजून पोलीस ॲक्शन म्हणतात, पण रणगाडे घेऊन गेलं ते लष्कर. तात्या म्हणायचे, "आमच्या हातात काठी होती, आम्ही बाजूला उभं राहून वाट करून दिली."

२०१९ मध्ये मी दिल्लीला गेले होते. चाणक्यपुरीत राष्ट्रीय पोलीस स्मारक आहे, २१ ऑक्टोबर २०१८ ला त्याचं उद्‌घाटन झालं. तीस फूट उंचीची, २३८ टन वजनाची काळी ग्रॅनाइटची शिळा, आणि भिंतीवर कर्तव्यावर मेलेल्या चौतीस हजारांहून जास्त पोलिसांची नावं. २१ ऑक्टोबर ही तारीख १९५९ सालच्या लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्जवरून आलेली. चिनी सैन्याच्या गोळीबारात तिथे दहा पोलीस जवान पडले. त्या भिंतीसमोर मी बराच वेळ उभी होते. खाली संग्रहालयात देशभरातले गणवेश, पदकं, निशाणं आहेत. तिथून बाहेर पडताना सारखं मनात येत होतं की सदतीस वर्षं रात्रपाळी, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेचा बंदोबस्त, आषाढीचा बंदोबस्त करून जो माणूस रोज घरी परत आला, त्याचं काय ठेवलंय आपण? आमच्याकडे एक ट्रंक होती. तीही पलंगाखाली.

सोलापुरात काही निवृत्त पोलीस आणि त्यांच्या घरच्या मंडळींनी मिळून एका जुन्या वाड्याच्या दोन खोल्यांत छोटं दालन सुरू केलंय, हे मी शिकवते त्या शाळेतल्या एका पालकाकडून कळलं. मी फोन केला. पलीकडे निवृत्त फौजदार होते. मी त्यांना पुढे काका म्हणू लागले, तेव्हा इथेही काकाच म्हणते. वस्तू काय काय आहेत ते त्यांनी विचारलं. बक्कल, पट्टा, शिट्टी, रात्रपाळीचा लोकरी कोट, दोन फोटो आणि मोडीतली एक वही, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "ताई, घेऊन या. पण एक करा. काही धुऊ नका, पुसू नका. आहे तसं आणा."

ते ऐकूनही आदल्या रात्री मी चिंच-मीठ घेऊन बक्कल घासायला बसले. तात्यांची वस्तू काळवंडलेली कशी न्यायची, एवढंच डोक्यात होतं. अर्धं घासून झालं होतं. आत्या आतून आली, म्हणाली, "काय करायलीस गं? त्यातलं कुंकू काढलंस होय?" तेव्हा मी नीट बघितलं. बक्कलावर कोरलेल्या नंबराच्या आकड्यांच्या खोबणीत हळद-कुंकवाचा थर बसला होता, गडद तपकिरी, मेणासारखा. चाळीस-पन्नास खंडेनवम्यांचा थर. उजव्या बाजूच्या आकड्यात तो तसाच होता, डावीकडे मी पितळ लखलखीत केलं होतं. मी चिंचेचं भांडं बाजूला ठेवलं, पण जे गेलं ते गेलं.

काकांनी बक्कल हातात घेतलं, खिडकीपाशी नेलं, आणि रागावले नाहीत. म्हणाले, घासलं की दर वेळी पितळेचा थोडा थर जातो, आकडे बुजत जातात. आणि हे कुंकू म्हणजे ही वस्तू नोकरीनंतर कुठे होती त्याचा दाखला. मग त्यांनी बक्कल नंबराबद्दल जे सांगितलं ते मला अजिबात माहीत नव्हतं. शिपायाची ओळख त्या नंबरानं. स्टेशन डायरीत नंबर, ड्युटीच्या वाटपात नंबर, शिक्षेच्या हुकुमात नंबर. माणसाची बदली जिल्ह्याबाहेर झाली की नवा नंबर, आणि जुना दुसऱ्या कुणाच्या तरी कमरेला. म्हणून नुसतं बक्कल बघून ते कुणाचं हे सांगता येत नाही. कुठल्या सालात कुणाच्या नावावर होतं, त्याचा कागद लागतो.

तो कागद मिळवायला मला चार महिने लागले. १९९२ मध्ये सोलापूरला पोलीस आयुक्तालय झालं. त्याआधी शहरही जिल्हा अधीक्षकांच्याच हाताखाली होतं. त्यामुळे जुनं दप्तर नेमकं कुठे, इथूनच सुरुवात. एका कचेरीत मला तीनदा परत पाठवलं. एकदा अर्ज चुकीच्या टेबलावर म्हणून, एकदा साहेब रजेवर म्हणून, आणि एकदा कारण न सांगता. शेवटी उपयोगी पडला तो आत्याच्या ट्रंकेच्या तळाशी चिकटलेला पेन्शनचा कागद. त्यावर तात्यांचं नाव, हुद्दा आणि नंबर तिन्ही एका ओळीत होतं. बक्कल ही सरकारी वस्तू, निवृत्तीला किट जमा करताना तीही द्यायची असते. काकांनी आधी लेखी विचारणा केली, हरकत नाही असं उत्तर आलं, मगच ते स्वीकारलं. हत्याराच्या बाबतीत तर ते ऐकूनच घेत नाहीत. माझ्यासमोर एक गृहस्थ जुनी ४१० मस्केट बंदूक द्यायचीय म्हणून आले होते. जुन्या काळी पोलिसांकडे हीच असायची, एनफिल्ड रायफलीची नळी बदलून केलेली. परवाना कुठाय, असं काकांनी विचारलं आणि त्यांना चहा पाजून पोलीस ठाण्यात पाठवलं.

कोटाला कसर लागली होती. बाहीच्या आत बोट घातलं की भोकांतून बाहेर येई. आत्यानं वर्षानुवर्षं डांबराच्या गोळ्या घातल्या होत्या, त्याचा वास अजून जात नाही. इथे मात्र त्या घालत नाहीत. कोट प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून एका ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवला, उणे अठरा-वीसवर, दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. पुरता एक दिवस तशीच ठेवायची, नाहीतर बाहेरच्या गरम हवेनं कापडावर पाणी धरतं. सोलापूरच्या मे महिन्यात हे फार जपावं लागतं. मग मऊ ब्रशनं झटकला आणि मांजरपाटात गुंडाळला. मांजरपाट नवा चालत नाही. गरम पाण्यात दोनदा उकळून त्यातली खळ पूर्ण काढावी लागते, कारण खळीला किडे येतात. एवढ्या गिरण्यांच्या गावात जन्म जाऊन मांजरपाटाचा हा उपयोग मला आत्ता कळला. माझ्या वडिलांना हे आवडलं असतं, ते मिलमध्ये फिटर होते.

नंबर कोटावर लिहीत नाहीत. सुती नाडीच्या तुकड्यावर लिहून तो तुकडा आतल्या शिवणीला दोन सैल टाक्यांनी जोडतात, उद्या काढायचा झाला तर खूण राहू नये. फोटोच्या मागे फक्त शिसपेन्सिल. एक फोटो वडिलांनी हौसेनं लॅमिनेट करून आणला होता. त्याला हात लावू नका, आता ते प्लॅस्टिक काढायला गेलात तर तात्याच निघून येतील, असं काकांनी सांगितलं. खोलीतल्या ट्यूबा काढून टाकल्या आहेत. कापड आणि जुन्या कागदावर ५० लक्सच्या वर उजेड पडू द्यायचा नाही, त्यासाठी त्यांच्याकडे छोटं मीटर आहे आणि ते रोज सकाळी फिरवतात. पहिल्यांदा आत गेलं की अंधारच वाटतो. मग डोळे सरावतात.

डोळे सरावल्यावर समोर १९३० ची भिंत दिसते. सोलापुरात पोलिसांचा इतिहास मांडायचा तर या भिंतीला बगल देता येत नाही. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं, गोळीबार झाला, काही दिवस इथे इंग्रजांचा अंमलच उरला नाही आणि १२ मेला मार्शल लॉ पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांच्यावर दोन पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवून १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. चार पुतळ्यांपाशी आपण रोज हात जोडतो. या खोलीत त्या चौघांच्या तसबिरी आहेत आणि त्यांच्या खाली, त्याच चौकटीत, मेलेल्या त्या दोन पोलिसांची नोंद आहे. हे मांडताना आपसांत बरंच भांडण झालं म्हणे. मला ही मांडणी योग्य वाटते. पलीकडच्या भिंतीवर अशोक कामटे आहेत. मुंबईला जाण्याआधी ते इथले पोलीस आयुक्त होते, आणि २००८ च्या मुंबई हल्ल्यात, २६ नोव्हेंबरच्या रात्री, ते गेले हे कळल्यावर सोलापुरात घराघरांतली माणसं आपलंच कुणी गेल्यासारखी रडली.

आता वहीकडे येते.

लाल फडकं काकांनीच सोडलं. आत पुठ्ठ्याच्या बांधणीची छोटी वही, कडेनं उंदरानं कुरतडलेली. पानापानावर आधी आडव्या रेघा ओढून घेतलेल्या आणि त्यांना लटकवलेली मोडी, हात न उचलता लिहिलेली. पुराभिलेख विभागाचं मोडीचं प्रशिक्षण घेतलेले एक निवृत्त कारकून दर शनिवारी दालनात येतात. त्यांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, चष्मा काढला आणि काकांकडे बघितलं. मी विचारलं, "अभंग आहेत का?"

ते म्हणाले, "हजेरी आहे, ताई."

१९४६ ते १९४७. मोहोळकडच्या एका आउटपोस्टला तात्या असतानाची. नाव, बापाचं नाव, जात, गाव. पुढे दोन बारीक रकाने, पहिली रात्र, दुसरी रात्र. त्यात 'हजर', 'हजर', 'हजर'. कुठे 'गैरहजर'. कुठे 'पास घेऊन परगावी'. गुन्हेगार जमाती कायद्याखाली नोंदवलेल्या माणसांची रात्रीची हजेरी. १८७१ सालचा तो कायदा. त्या जातीत जन्मला की माणूस गुन्हेगार, हे आधीच ठरलेलं. गाव सोडायचं तर परवाना, आणि रात्री घरातच आहे हे पोलिसाला दाखवायचं. सोलापूरची सेटलमेंट मुंबई इलाख्यातली एक मोठी वसाहत होती, तारेच्या कुंपणाआड. तिथली माणसं दिवसा मिलमध्ये कामाला जायची. आजही त्या भागाला सेटलमेंटच म्हणतात. मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ मध्ये गेला, देशभरातून ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणून विमुक्त दिन त्या तारखेला.

मी घरी येऊन आत्याला सांगितलं. पंढरपूरच्या बंदोबस्ताचं अभिमानानं सांगणारे तात्या, आणि त्याच सुमाराला रात्री दारोदार काठी वाजवून माणसं मोजणारे तात्या. एकच माणूस, एकच नोकरी. आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आपण पूजा केली त्याची." आणि थोड्या वेळानं, "ती पानं फाडून टाक. बाकीची दे." बाकीची पानं कोरी होती.

मी काकांना विचारलं, पानं काढून वही देता येईल का? ते म्हणाले, "पहिल्या दिवशी मी काय सांगितलं? पुसू नका. बक्कलाला लागू होतं ते वहीला नाही होय?" मला राग आला. त्यांच्या आजोबांची वही नव्हती ती. पण रात्री पडल्या पडल्या डोळ्यांपुढे बक्कलाची ती लखलखीत डावी बाजू येत राहिली.

दुसरा प्रश्न नावांचा. वहीत एकवीस माणसांची नावं होती. त्यांची मुलंबाळं, नातवंडं इथेच कुठेतरी असणार. काचेखाली ती पानं उघडी ठेवली तर त्यांच्यावर तोच शिक्का आपण पुन्हा मारला असता. माझ्या शाळेतल्या एक बाई त्या समाजातल्या. पंधरा वर्षं आम्ही एका डब्यात जेवतो, पण या विषयावर कधी बोललो नव्हतो. मधल्या सुट्टीत मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "नावं झाका. पण वही फाडू नका. आमच्या घरात सांगतात ना, रात्री दोनदा उठवायचे, तर नवी पोरं म्हणतात आजी वाढवून सांगते. लिहिलेलं कुठंतरी असू दे."

तसंच ठरलं. दानपत्रावर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. देणगी आहे, उसनवारी नाही, हे त्यात साफ लिहिलेलं असतं, म्हणजे उद्या कुणी भाचा-पुतण्या परत मागायला येऊ नये. माझी आणि भावाची सही झाली, पुण्याच्या चुलत बहिणीची पोस्टानं आली. आत्याची राहिली होती. तीन आठवडे कागद टीव्हीखाली पडून होता. एका सकाळी ती अंघोळ करून आली, चष्मा लावला, वहीचा रकाना कुठला ते विचारलं, आणि सही केली. अटी दोन लिहिल्या आहेत. नावांचे रकाने कागदानं झाकूनच पान मांडायचं, आणि पूर्ण वही बघायला मिळेल ती त्या कुटुंबांतल्या माणसांना किंवा अभ्यासकाला, लेखी अर्ज करून.

काकांची नोंदवही जाडजूड, हिरव्या कापडी बांधणीची. प्रत्येक वस्तूला एक ओळ: कुठून आली, कुणी दिली, स्थिती काय. बक्कलाच्या पुढे त्यांनी लिहिलं, 'उजव्या आकड्यांत हळद-कुंकवाचा थर. डावी बाजू दात्याकडून घासली गेली.' मी वाचलं आणि काही म्हटलं नाही. खरं तेच होतं.

मांडणी झाल्यावर आमच्या बाई त्यांच्या आईला घेऊन आल्या. वय पंच्याऐंशीच्या पुढे, काठी टेकत, पण नजर तीक्ष्ण. आत्याही त्याच दिवशी आली होती. मी मुद्दाम जुळवलं नव्हतं, खरंच. आजी काचेपाशी वाकल्या. वाचता येत नव्हतं, त्यांनी मला विचारलं, "ह्यो बारका रकाना कशाचा?" मी म्हटलं, रात्रीचा. "आन् ह्यो?" दुसऱ्या खेपेचा.

"व्हय. दोनदा," त्या म्हणाल्या. "काठी दारावर वाजायची. बा झोपंतनं 'हाय साहेब' म्हणायचा. मग सवय लागली त्याला, कायदा गेल्यावर बी झोपंत म्हणायचा. मरंस्तवर."

आत्या बाकावर बसली होती. ती सरकली आणि तिनं हातानं शेजारची जागा दाखवली. आजी बसल्या. मग त्या बोलत राहिल्या, पाऊण तास. पास कसा मागायचा, लग्नाला जायचं तर किती दिवस आधी, पावसात पास भिजला तर काय व्हायचं. आत्यानं मध्ये एकदाच विचारलं, काठीवाला पोलीस कसा होता. आजी म्हणाल्या, "चेहरा कोण बघतंय? अंधार असायचा."

काकांनी मोबाइल मध्ये ठेवून सगळं रेकॉर्ड केलं, आधी आजींना विचारून. नंतर नोंदवही उघडली आणि तोंडी नोंद म्हणून नवी ओळ घातली, अंगठा घेतला. तात्यांच्या वहीचा क्रमांक १४ आहे. आजींच्या सांगण्याचा १५.